पाटी रंगविण्यापूर्वी



आडसाली लागणीचे दिवस जवळ आले की आमच्या गट ऑफिसात रोपांची चौकशी सुरू होते. पूर्वी बेणे म्हटले की शेजारच्या मळ्यातली दोन डोळ्यांची टिपरी. आता ट्रेमधली रोपे आली आणि रोपवाटिका हा आपल्या सभासदांच्या मुलांचा एक चांगला जोडधंदा झाला. कुणी गुऱ्हाळ घालतो, कुणी ठिबकचे दुकान काढतो. पोरे हिशेब चोख करतात, शेडनेटचे दर चार ठिकाणी विचारून येतात. नाव मात्र पेंटर पाटी रंगवायला आला की त्याच्यासमोर उभे राहून ठरवतात.

त्याचा एक प्रसंग आमच्याच अंगावर आला, तो आधी सांगतो. नरसिंहपूरकडच्या एका सभासदाच्या आडसाली उसाला कांड्या सुटल्या, तेव्हा प्लॉटमध्ये सरळसरळ भेसळ दिसू लागली. एका सरीत तीन वाण! तक्रार आली. बिलावर रोपवाटिकेचे नाव होते श्रीनृसिंहाचे; गाव नाही, फोन नंबर पुसट. आमच्या रजिस्टरलाही तेवढेच नाव लिहिलेले. आम्ही त्या नावाच्या रोपवाटिकेत जाऊन बरेच काही बोललो. मालक तरुण मुलगा, बिचारा ऐकत राहिला. शेवटी त्याने आपले बिलबुक पुढे केले. त्या सभासदाला त्याने एक ट्रेसुद्धा दिला नव्हता. त्याच नावाची दुसरी रोपवाटिका दोन गावे सोडून होती! तोवर ही बातमी पारावर पोचली होती, आणि त्या मुलाच्या दोन गिऱ्हाइकांनी दिलेली आगाऊ रक्कम परत मागितली. चूक दुसऱ्याची, घाई आमची, नुकसान त्याचे.

आता देवाचे नाव का ठेवले, असे आम्ही कुणाला विचारणार नाही. नीरा-भीमेच्या संगमावर लक्ष्मीनृसिंह बसलेला आहे, कितीतरी घराण्यांचे ते कुलदैवत. वैशाखातल्या नृसिंह जयंतीला नारळ फोडून धंदा सुरू करायचा तर दुसरे नाव सुचणारच नाही. पण तेच नाव शेजाऱ्यालाही सुचते. शिवाय कुणी नृसिंह लिहितो, कुणी नरसिंह, आणि बोलताना सगळे नरसिंगच म्हणतात. तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिले की पैसे पाठविताना घोळ होतो तो वेगळाच. खुद्द आपल्या गावाचेच बघा ना. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी कोळे नरसिंहपूर आहे, म्हणून आपण नीरा नरसिंहपूर म्हणतो. गावाला जे करावे लागले, ते दुकानाला करायला काय हरकत?

नावे कशी पडतात हे पाहायला लांब जायला नको. आपल्या दोन तालुक्यांतले साखर कारखानेच घ्या. माळेगावला गावाचे नाव, सोमेश्वरला देवाचे, भवानीनगरच्या कारखान्याला छत्रपतींचे, शहाजीनगरच्या कारखान्याला नीरा-भीमा या नद्यांचे. इंदापूर सहकारी पुढे कर्मयोगी शंकररावजी पाटील कारखाना झाला. आणि नीरा ओलांडून माळशिरस तालुक्यात गेले की माळीनगरला ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’. स्थापना १९३२ची. कारखाना माळीनगरला आणि नाव सासवडचे. पण ते बागायतदार कोण आणि कुठून आले, हे त्या नावात आहे. इतके काम करणारे नाव आम्हाला तरी दुसरे माहीत नाही.

आमच्या खात्यातला अनुभव मात्र जरा वेगळा आहे. १९९६ साली को ८६०३२ हा वाण महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला, तेव्हा त्याला ‘नीरा’ असे आपल्या नदीचे गोड नाव दिले. पण बांधावर ‘नीरा’ कोण म्हणतो? सगळे आकडाच सांगतात. आम्ही डिप्लोमा केलेली माणसेही आकडाच सांगतो. फुले २६५चेही ‘दोनशे पासष्ट’ झाले. म्हणजे कागदावरचे नाव आपण ठेवतो, तोंडातले नाव लोक ठेवतात. कोल्हापूर जिल्हा दूध उत्पादक संघाचे नोंदलेले नाव लांबलचक आहे, पण पिशवी मागताना लोक ‘गोकुळ’ म्हणतात. दांडेकरांनी १९३१ साली शाईचा धंदा सुरू केला. त्यांच्या ‘कॅमल’ आणि ‘इंक’ या दोन शब्दांतून ‘कॅमलिन’ झाले आणि ते शाळकरी पोराच्याही तोंडी बसले. नाव ठरले की आधी मोबाईलवरून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सांगून बघावे. त्याने एकदा ऐकून बरोबर परत सांगितले तर ठीक.

वाणाचा आकडा किंवा उताऱ्याचा आकडा मात्र नावात घालू नये. एके काळी को ७४० सगळीकडे होता, आज त्या नावाची रोपवाटिका कोणी काढील काय? आणि ‘एकरी शंभर टन’ असे पाटीवर लिहिले, तर पंचावन्न टन निघालेला माणूस पाटी वाचतच आत येतो.

आडनावाचा प्रश्न नाजूक आहे. ‘चितळे बंधू’ हे नाव मोठे झाले, ते पाहून आपल्याकडेही ‘अमुक बंधू’ अशा पाट्या लागतात. पण आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की विहिरीच्या पाळ्या ठरतात, बांध ठरतो, बैलगाडीसुद्धा ठरते; नावाचे कुणी ठरवीत नाही. मग एकाच रस्त्यावर दोन ‘बंधू’ समोरासमोर बसतात आणि बोलत नाहीत. भागीदारीचा कागद कराल तेव्हा नाव कुणाकडे राहील ही एक ओळ त्यात घालाच. वडील हयात असतानाच घाला.

कायद्याचे थोडक्यात. उद्यम नोंदणी, शॉप ॲक्ट किंवा जीएसटीचा दाखला मिळाला म्हणजे नाव आपल्या मालकीचे झाले, हा समज चुकीचा आहे. त्यासाठी १९९९च्या कायद्याखाली ट्रेडमार्कची नोंद करावी लागते. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाईन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये, नोंद १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. गूळ ३० व्या वर्गात येतो, रोपे ३१ व्या. आधीच कुणी ते नाव घेतले आहे का, हे ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. ते पेंटर बोलाविण्याच्या आधी पाहावे. नुसते देवाचे, गावाचे किंवा मालाचे नाव एकट्याच्या हक्काचे होणे अवघड असते. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने उदबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव एकट्याला देण्यास नकार दिला होता. दहा-पंधरा जण मिळून शेतकरी कंपनी काढणार असाल, तर नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ यावेच लागते; म्हणून पुढचा भाग आखूड ठेवा. पाटी मराठीत हवी, हे २०२२च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही लागू आहे.

तो रोपवाटिकेवाला मुलगा मध्यंतरी ऑफिसात आला होता. आम्ही चहा मागवला. मागच्या बोलण्याचे आम्हाला वाईट वाटतच होते. त्याने वहीत पाच नावे लिहून आणली होती, सगळी गुळगुळीत, कुठल्याही तालुक्यात चालतील अशी. बोलता बोलता आम्ही विचारले, रोपवाटिका ज्या तुकड्यात आहे त्याला घरात काय म्हणतात? आपल्याकडे प्रत्येक शेताला नाव असते. चिंचेचा मळा, वडाची पट्टी, थोरली विहीर. ते सातबाऱ्यावर नसते, पण सालगड्याला ठाऊक असते. त्याने जे नाव सांगितले ते आम्ही पूर्वी कधी ऐकले नव्हते. त्याची आजी ते म्हणत असे. संकेतस्थळावर पाहिले, ३१ व्या वर्गात तसे कुणाचेच नव्हते.

ते नाव इथे छापत नाही, कारण अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे. बिलबुकावर वरती नृसिंहाचा छाप कायम आहे, खाली नवे नाव, त्याखाली ‘नीरा नरसिंहपूर, ता. इंदापूर’ आणि ठळक फोन नंबर. आमच्या रजिस्टरलाही रोपवाटिकेच्या नावापुढे गावाचा आणि बिल नंबरचा असे दोन रकाने वाढविले आहेत. लागणीची नोंद द्यायला याल तेव्हा रोपांचे बिल बरोबर आणावे.