वळचणीचे पाणी आढ्याकडे!

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपण म्हणतो. आढे म्हणजे उतरत्या छपराचा सर्वांत उंच भाग, तर वळचण म्हणजे त्याची भिंतीबाहेर आलेली खालची कड. पाणी वरून खाली येणार. खालून वर कसे जाईल? पण थंड देशांत हिवाळ्यात कधीकधी असे घडते खरे!

आमच्या फैजपूरच्या कॉलेजातून शिकून गेलेला एक विद्यार्थी अमेरिकेत मिनियापोलिस शहरी राहतो. एका जानेवारीत त्याने विचारले, "सर, बाहेर तापमान उणे 10 अंश सेल्सिअस आहे, सगळीकडे बर्फ आहे. तरी आमच्या छतातून पाणी ठिबकते आहे. इतक्या थंडीत पाणी आले कोठून?"

तुम्हीच विचार करा. बाहेरची हवा बर्फ वितळवणार नाही. मग उष्णता आली ती घरातूनच! तेथे घरे आतून सुमारे 20 अंशांपर्यंत तापवलेली असतात. छतातील फटींतून ही उबदार हवा माळ्यावर जाते आणि छपराला खालून तापवते. छपरावरील भुसभुशीत हिमात भरपूर हवा कोंडलेली असते. हवा ही उष्णतेची मंदवाहक. म्हणून ते हिम गोधडीसारखे काम करते व छपराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. छपराचा पृष्ठभाग शून्य अंशाच्या वर गेला, की हिमाचा तळचा थर वितळू लागतो.

हे पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येते. वळचणीखाली मात्र घर नाही, थंडगार हवा आहे. तेथे प्रत्येक ग्रॅम पाणी आपली 80 कॅलरी अप्रकट उष्णता देऊन पुन्हा गोठते. हळूहळू कडेला बर्फाचा बांध तयार होतो. बांधामागे पाणी तुंबते आणि उताराच्या उलट दिशेने, आढ्याकडे पसरू लागते. तेथील छपरांचे तुकडे आपल्या कौलांसारखेच एकावर एक चढवलेले असतात. वरून वाहणारे पाणी ते अडवतात. खालून वर चढणारे पाणी मात्र त्यांच्या फटींत शिरते. मग लाकूड कुजते, भिंती ओलावतात. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते, त्यामुळे फटी आणखी रुंदावतात.

मग उपाय काय? कुऱ्हाडीने बांध फोडावा, असे प्रथम सुचते. पण त्यात छप्पर फुटते, आणि निसरड्या छपरावरून माणूस पडला तर जिवावर बेतते. जमिनीवर उभे राहून लांब दांडीच्या फावड्याने हिम खाली ओढणे त्यापेक्षा बरे. पण हा तात्पुरता इलाज झाला. दोष बर्फाचा नाही, वाया जाणाऱ्या उष्णतेचा आहे. म्हणून आधी छतातील फटी बुजवायच्या. छतावर काचतंतूंसारख्या मंदवाहक पदार्थाचा जाड थर द्यायचा. आणि वळचणीखालून थंड हवा माळ्यात येऊन आढ्याजवळून बाहेर जाईल अशी वाट ठेवायची. छप्पर थंड राहिले, की हिम खालून वितळत नाही. शिवाय घर तापवण्याचे इंधनही वाचते.

आपल्या खानदेशात छपरावर हिम साचत नाही. पण नियम तोच आहे. उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव कासावीस होतो आणि धाब्याच्या घरात गारवा वाटतो, कारण धाब्यावरचा मातीचा जाड थर उष्णता लवकर आत येऊ देत नाही.

आता हा बांध घरीच करून पाहा. थंडीत सकाळी खोबरेल तेल थिजलेले असते, तेच आपले हिम! मोठ्यांच्या मदतीने एका डब्यात कढत पाणी घ्या. डब्यावर पत्र्याची लांब पट्टी तिरपी ठेवा. तिचे खालचे टोक डब्याच्या बरेच बाहेर येऊ द्या. डब्यावरच्या भागावर थिजलेले तेल ठेवा. तेल वितळून खाली ओघळेल आणि थंड टोकाशी पुन्हा थिजू लागेल. नंतर डबा व पट्टी यांच्यामध्ये केळीच्या वाळलेल्या पानांचा जाड थर घालून प्रयोग पुन्हा करा. आता तेल वितळायला किती वेळ लागतो? घड्याळ लावून मोजा, आणि फरक का पडला ते वहीत लिहून काढा.