ऐंशीचे एकशेवीस

राजपत्रं आणि सरकारी अधिसूचना वाचायचा मला जुना नाद आहे. त्यातही कामाच्या तासांविषयीचं काही दिसलं की ते बाजूला काढून ठेवायचं, ही सवयच लागली आहे. या जमवाजमवीत एक कागद असा आहे की तो हाती घेतला की आजही संताप होतो. १७ एप्रिल २०२०ची, गुजरात सरकारच्या श्रम व रोजगार विभागाची अधिसूचना. टाळेबंदी चालू होती, मजूर रस्त्याने पायी गावाकडे निघाले होते. त्या दिवसांत या अधिसूचनेने कारखान्यांना दिवसाला बारा आणि आठवड्याला ७२ तास काम करून घ्यायची मुभा दिली. जादा तासांच्या पैशांचं काय, याचं उत्तर तिने उदाहरणासह दिलं होतं: आठ तासांची मजुरी ८० रुपये असेल, तर बारा तासांची १२० रुपये.

त्रैराशिक अगदी बरोबर आहे. पण १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम ५९ वेगळं सांगत होतं. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं, तर त्या वरच्या तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे. ८० रुपये रोज म्हणजे तासाला दहा रुपये. ७२ तासांपैकी ४८ तासांचे ४८० आणि उरलेल्या २४ तासांचे विसाच्या दराने आणखी ४८०, एकूण ९६० रुपये. अधिसूचनेच्या हिशोबाने हातात पडणार ७२०. दर आठवड्याला, दर कामगारामागे २४० रुपये एका उदाहरणात गडप झाले.

दुप्पटच का, दीडपट का नाही, असं मालकमंडळी विचारतात. त्याचं उत्तर शोधायचं तर परळला जावं लागतं.

सप्टेंबर १८८४मध्ये सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. भरवणारे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक आणि त्याआधी मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. गिरणीचा कारभार त्यांनी आतून पाहिला होता. फॅक्टरी कमिशनपुढे ठेवायच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या अशा होत्या: रविवारची सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

जादा कामाचे जादा पैसे, ही मागणी त्यात नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, आणि मावळल्यावरही राबणाऱ्या त्या माणसांना आधी वेळ परत हवी होती. आपल्या कामगार कायद्याची सुरुवात तिथून होते असं मी मानतो. २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन बायका त्या गर्दीपुढे उभं राहून बोलल्या, आणि १० जूनला गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. आपण आज जिला हक्काची सुटी म्हणतो, तिची जन्मतारीख ही. लोखंडे फेब्रुवारी १८९७मध्ये मुंबईच्या प्लेगात गेले.

सूर्यास्ताची मागणी मात्र विजेने खाऊन टाकली. गिरण्यांत दिवे आले तसं अंधाराचं कारण उरलं नाही, आणि १९०५च्या सुमारास मुंबईत चौदा-पंधरा तासांच्या पाळ्या चालू लागल्या. कामगार रस्त्यावर उतरले, समित्या बसल्या. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ला आठवड्याचे साठ तास ठरले आणि सूट दिलेल्या जादा कामाला सव्वापट दर आला. १९३४ला बारमाही कारखान्यांसाठी ५४ तास, आणि १९४६ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खातं सांभाळत असताना मांडलेल्या दुरुस्तीने ४८. तास उतरत गेले तसा जादा तासाचा भाव चढत गेला, आणि १९४८च्या कायद्यात तो दुप्पट होता. दुप्पट दर हा मालकाला घातलेला लगाम आहे. एकाच माणसाला पिळणं महाग पडावं आणि दुसरा माणूस कामावर घेणं स्वस्त, हा त्यामागचा हिशोब. सव्वापटीत तो जमत नाही.

पण दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? हा वाद नागपूरच्या दहा कामगारांनी लढवला, आणि कामगार चळवळीच्या पुस्तकांत त्याला ओळभरही जागा मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. किमान वेतन कायद्याखालचं हे प्रकरण. मालकाचं म्हणणं, सरकारने ठरवलेल्या किमान दराच्या दुप्पट दिले की झालं. कामगारांचं म्हणणं, आम्हाला प्रत्यक्षात जो पगार मिळतो त्याच्या दुप्पट द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७२ला निकाल कामगारांच्या बाजूने लागला: नेहमीचा दर म्हणजे कामगाराला खरोखर मिळणारा दर. किमान वेतनापेक्षा थोडा बरा पगार असलेल्या माणसाचा जादा तास त्यामुळे स्वस्तात जायचा वाचला.

गुजरातच्या अधिसूचनेविरुद्ध गुजरात मजदूर सभा आणि ट्रेड युनियन सेंटर ऑफ इंडिया या कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सरकारने कारखाने अधिनियमाच्या कलम ५चा आधार घेतला होता. त्याखाली सार्वजनिक आणीबाणीत कारखान्यांना कायद्यातून सूट देता येत होती. पण कायद्याने आणीबाणीची व्याख्याही दिली होती: युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका. १ ऑक्टोबर २०२०ला न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. के. एम. जोसेफ यांनी सांगितलं की साथीने मंदावलेलं अर्थकारण त्या व्याख्येत बसत नाही. अधिसूचना रद्द झाली. एवढ्यावर न थांबता न्यायालयाने घटनेचं कलम १४२ वापरून, त्या काळात काम केलेल्या पात्र कामगारांना कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम द्यायचा आदेश दिला. ८०चे १२० इथे संपले.

सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची ११५वरून १४४ तास करायला मंजुरी दिली, कामगाराची लेखी संमती घ्यायच्या अटीवर. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिताही लागू झाल्या. दुप्पट दर त्यांतही कायम आहे, संमतीही आहे. या संमतीवर माझा विश्वास नाही. गेटवर ठेकेदाराचा माणूस उभा असताना ‘नाही’ लिहून देणारा कामगार दुसऱ्या दिवशी कामावर दिसेल का?

आणि दुप्पट दर तरी कुठे मिळतो? औद्योगिक वसाहतींत ‘सिंगल ओटी’, म्हणजे जादा तासालाही नेहमीचाच दर, हा शब्द सर्रास चालतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये धरा. २६ दिवस, आठ तास. तासाचे साधारण साडेशहाऐंशी रुपये. रोज दोन तास जादा म्हणजे महिन्याचे ५२. कायद्याने त्याचे ९,००० होतात, सिंगलने ४,५००. शिवाय तिमाहीला हे १५६ तास भरतात, म्हणजे वाढवलेली १४४ची मर्यादाही ओलांडलेली. म्हणून हे तास बहुधा मस्टरवर चढतच नाहीत. वेगळ्या वहीत राहतात आणि पैसे रोख पाकिटातून येतात.

तेव्हा ज्यांचे हात मशीनवर आहेत, त्यांना एवढंच सांगायचं आहे. आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ रोज स्वतःच्या वहीत लिहा, पगाराची स्लिप मागून घ्या, फोनमधला ‘आज थांबावं लागेल’चा मेसेज पुसू नका. चार श्रमसंहितांतल्या वेतन संहितेखाली दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि दावा दाखल झाला की पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते.