ट्रॉली किती टनांची? उत्तर ब्रेकला विचारा

गाळप हंगाम सुरू झाला की अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याच्या वाटेवर उसाने लादलेले ट्रॅक्टर दिसू लागतात. अंबड तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : 50 एचपीच्या ट्रॅक्टरला किती टनांची ट्रॉली जोडावी?

ओढण्यापुरतं पाहिलं, तर गणित सोपं आहे. सपाट डांबरी रस्त्यावर टायरची गाडी चालती ठेवायला तिच्या वजनाच्या साधारण 2 टक्के जोर पुरतो. ट्रॅक्टर 2 टन, भरलेली ट्रॉली 10 टन. जोर हवा 240 किलोचा. ताशी 20 किलोमीटर वेगाला 18 एचपीत भागतं. त्यामुळे ‘ओढतोय की!’ म्हणून आपण आणखी दोन मोळ्या चढवतो.

अडचण थांबताना येते. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्याच चाकांना असतात. त्यांच्यावर 1300 किलो भार आणि घर्षण 0.6 धरलं, तर रोखणारा जोर जास्तीत जास्त 780 किलो. इंजिन मोठं असून इथे उपयोग नाही. ताशी 20 च्या वेगातला रिकामा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यावर 4 मीटरांत थांबेल. बिनब्रेकची ट्रॉली मागे असली की 18 मीटर लागतील. वीस मीटरला एक मीटर उतार असेल, तर 45! चिखलाने घर्षण निम्म्यावर आलं, तर त्या उतारावर गाडी जवळजवळ थांबतच नाही.

रेल्वेने हे दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं. तेव्हा ब्रेकमन डब्यांच्या टपांवरून धावत हाताने ब्रेक आवळत. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 मध्ये हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. पण नळी फुटली की सगळे ब्रेक निकामी होत. 1872 मध्ये त्याने रचनाच उलटवली : नळीतल्या दाबाने ब्रेक सुटे राहतात, दाब गेला की आपोआप लागतात. डबा तुटून मागे राहिला तरी स्वतःच थांबतो. इंजिनांच्या कर्त्यांविषयी शाळेत शिकवतात. या माणसाविषयीही शिकवायला हवं.

म्हणून वाचकमित्रांना उत्तर असं : आधी ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवा, टनांचं मग बोलू. बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात आपल्या ट्रॅक्टरची ओढ पाहाल, तेव्हा ब्रेकचं पानही वाचा. ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक असले की भार वाढेल तशी त्यांची रस्त्यावरची पकडही वाढते. ऊसच स्वतःला थांबवायला मदत करतो.