एका सेकंदाला एक पाणीगाडी!

दुधनीत बसून धबधब्याच्या गोष्टी? ऐकणारा हसेल. अक्कलकोट तालुक्याचं हे टोक. रेल्वेनं जरा पुढं सरकलं की गाणगापूर रोड, म्हणजे कर्नाटक. आजूबाजूला काळं रान, तुरीची शेतं, बाजार समितीत कडधान्याची पोती. ना डोंगर, ना कडा, ना घाट. पण धबधब्याचे आकडे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही! जिथं पावसाचा एकेक मिलिमीटर मोजला जातो, तिथल्या माणसाला पाण्याचा आकडा सांगा. तो आकडा त्याच्या डोक्यात नाही, छातीत जाऊन बसतो. तर चला, सगळे मिळून मोजू. पण मापं आपलीच घ्यायची. उंचीला एक माप, पाण्याला एक माप, आणि शेवटी एक असं माप की जे सोलापूर जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं.

आधी उंची. दुधनीहून गाडीनं सोलापूरकडं निघालो की होटगी जंक्शन लागतं. तिथून गदगची लाइन फुटते आणि विजापूर येतं. स्टेशनाजवळच गोलघुमट उभा. जमिनीपासून माथ्यापर्यंत सुमारे ५१ मीटर. शाळेच्या सहलीत मान मागं टाकून टाकून आपण सगळ्यांनी तो पाहिलेला. हे आपलं उंचीचं माप: एक घुमट.

आता तीच गाडी पुढं न्या. गदग, हुबळी, लोंढा, कॅसलरॉक. इथं सपाट मुलूख संपतो आणि सह्याद्री रेल्वेच्या पायाखालून जमीनच काढून घेतो. कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट. कुळेहून वर येताना चढ किती? ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर! मालगाडीला एक इंजिन पुरत नाही, मागून रेटायला आणखी इंजिनं लावावी लागतात. १८८८ साली हा मार्ग सुरू झाला, बोगदे खणून, दऱ्यांवर पूल टाकून. आणि या घाटात अचानक समोर येतो दूधसागर. मांडवी नदी कड्यावरून खाली उतरते, चार टप्प्यांत, आणि रेल्वेचा दगडी पूल तिच्या मधोमध आडवा जातो. उंची ३१० मीटर. म्हणजे किती घुमट? एक नाही, दोन नाही, तीन नाही. सहा! एकावर एक सहा गोलघुमट रचा आणि सगळ्यात वरच्या घुमटाच्या टोकावरून नदी ओता. पाटाचं पाणी नव्हे, अख्खी नदी! पांढऱ्या पडद्याची रुंदी सरासरी ३० मीटर. खालच्या कुंडाजवळ उभं राहिलं की वरचा काठ नजरेत येत नाही. पाणी आभाळातूनच सुटलंय असं वाटतं.

इथवर पोचायचा सरळ रस्ता म्हणजे गोव्यातलं कुळे. तिथून जीप निघतात, महावीर अभयारण्य आणि मोलेच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून. दहा-बारा किलोमीटरचा कच्चा रस्ता. वाटेत नदीचे प्रवाह आडवे येतात. चालक गिअर खाली टाकतो, पाणी चाकांच्या वर चढतं, जीप एका बाजूला कलते आणि डुचमळत पलीकडच्या गोट्यांवर चढते. मग उतरून मोठमोठ्या धोंड्यांतून चालत जायचं. कुंडाशी जाण्याआधी अंगावर लाइफ जॅकेट चढतं, आणि त्याचे पट्टे स्वतःच्या हातानं ओढून घट्ट करायचे असतात. पावसाळ्यात जीप बंद. नदी ओलांडताच येत नाही. पाऊस ओसरला की साधारण ऑक्टोबरात पुन्हा सुरू.

कुणी म्हणेल, एवढा बंदोबस्त कशाला? हिशेब मांडू. एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार लिटर, म्हणजे एक टन. हे पाणी ताशी अकरा किलोमीटरनं धावतंय असं समजा. अकरा! रमतगमत चाललेल्या सायकलीचा वेग. त्यात एक माणूस कमरेइतका उभा आहे. त्याच्या अंगावर पडणारा रेटा किती? जवळपास दीड क्विंटल. दुधनीच्या बाजारात दीड क्विंटल तूर कशी दिसते हे ज्याला ठाऊक आहे त्यानं ती आडवी आपल्या मांड्यांवर ढकलली जातेय असं मनात आणावं. आणि वेग दुप्पट झाला तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. सहा क्विंटल! वरच्या डोंगरात एक जोराची सर आली की एवढा फरक पडायला वेळ लागत नाही. म्हणून वाटाड्या हवा, जॅकेट हवं, आणि तो ‘बाहेर या’ म्हणाला की त्याच क्षणी बाहेर यायला हवं. रुळांवरून चालत धबधबा गाठणाऱ्यांना रेल्वेनं २०२३ च्या जुलैत अडवलं, तेही बरोबरच होतं.

पुन्हा उंचीकडं वळू. शरावतीचा जोग २५३ मीटर: पाच घुमट. आफ्रिकेतला व्हिक्टोरिया १०८ मीटर: जेमतेम दोन घुमट, पण रुंदी १,७०८ मीटर! पावणेदोन किलोमीटर लांबीची पाण्याची भिंत. तिच्या ऐन काठावर लिव्हिंगस्टन बेटाजवळ एक डोह आहे. नदीचं पाणी कमी असतं त्या महिन्यांत वाटाडे पाहुण्यांना तिथं नेतात, आणि माणसं कड्याच्या कडेशी पाण्यात बसून खाली डोकावतात. दोन गोलघुमट खोल!

हेही कमी वाटतंय? मग व्हेनेझुएलाच्या जंगलात चला. एंजल धबधबा, उंची ९७९ मीटर. एकोणीस घुमट! १९३७ साली जिमी एंजल हा अमेरिकन वैमानिक धबधब्याच्या माथ्यावरच्या पठारावर विमान घेऊन उतरला, विमान चिखलात रुतलं आणि त्याला चालत माणसांत परतायला अकरा दिवस लागले. आज पेमोन आदिवासी वाटाडे पाहुण्यांना नदीतून होडीनं नेतात. या धबधब्यात पाणी एका उडीत ८०७ मीटर खाली येतं. वाटेत हवा आडवी आली नाही, तर तळाशी पोचताना त्याचा वेग ताशी साडेचारशे किलोमीटर होईल. आपली मुंबई-सोलापूर वंदे भारत ४५५ किलोमीटरला साधारण साडेसहा तास घेते. त्या पाण्याच्या वेगानं निघालेली गाडी तासाभरात सोलापूर! खरं तर हवा आडवी येतेच, आणि कोरड्या महिन्यांत बरंचसं पाणी खाली पोचण्याआधीच तुषार होऊन उडून जातं.

उंची झाली. आता पाणी, आणि खरी छाती दडपते ती इथं.

माप घेऊ २०१६ सालचं. लातूर तहानलं होतं, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी निघालं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, फेरीला सुमारे पंचवीस लाख लिटर. वीस फूट व्यासाची विहीर घ्या, तिच्यात चाळीस फूट पाणी आहे असं धरा. अशा सात विहिरी तळापर्यंत उपसल्या की ही एक गाडी भरते. हे आपलं पाण्याचं माप: एक पाणीगाडी.

आता एक नवल पाहा. दुधनीच्या भागात वर्षाला साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऊस धरा. एका एकरावर तो किती लिटर पडला? सव्वीस लाख! म्हणजे तुरीच्या एकेका एकरावर आभाळ दरवर्षी एक पाणीगाडी रिकामी करतं. एक एकर, एक वर्ष, एक गाडी. हे सूत्र मनात पक्कं ठेवा.

मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. दुधनीचा जवळपास दीड वर्षाचा पाऊस, एका दिवसात! चेरापुंजीत १ ऑगस्ट १८६० ते ३१ जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर. दुधनीची चाळीस वर्षं! आजोबांनी पेरणी सुरू केली आणि नातू बांधावर आला, तेवढ्या काळातला सगळा पाऊस एका वर्षात.

आणि आता नायगारा. उंचीला तो काहीच नाही, ५१ मीटर, बरोब्बर एक गोलघुमट. पण पाणी? सेकंदाला सरासरी २,४०० घनमीटर. चोवीस लाख लिटर. म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक पाणीगाडी! ज्या गाडीसाठी अख्खं लातूर वाट पाहत होतं, ती गाडी टाळी वाजवायला लागतो तेवढ्या वेळात खाली. पुन्हा टाळी, पुन्हा गाडी. दुधनीच्या एका एकराचं वर्षभराचं आभाळ, दर सेकंदाला!

या गाड्या रुळावर उभ्या करू. पन्नास वाघिणी आणि इंजिन धरून एका गाडीची लांबी सहाशे-साडेसहाशे मीटर. मुंबई ते पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटर. एकीला एक जोडून साधारण तीनशे गाड्या बसतील, बोरीबंदरपासून कर्जत, खंडाळा, लोणावळा करत थेट पुणे स्टेशनापर्यंत. एवढ्या सगळ्या भरायला नायगाऱ्याला किती वेळ? साडेपाच मिनिटंसुद्धा नाही. चहा उकळेपर्यंत मुंबई-पुणे भरलं!

रुपयांत मोजायचंय? बाटलीबंद पाणी वीस रुपये लिटर धरा. नायगारा सेकंदाला चार कोटी ऐंशी लाख रुपयांचं पाणी ओततो. तासाला १७,२८० कोटी. दिवसाला चार लाख कोटींच्या वर! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज एक लाख आठ हजार कोटी होता. एका दिवसाच्या पाण्यात जवळजवळ चार बुलेट ट्रेन.

थांबू नका, अजून चढायचंय. आफ्रिकेत काँगो नदीवर इंगा धबधबे आहेत. सेकंदाला सुमारे ४२,००० घनमीटर: सतरा पाणीगाड्या. ॲमेझॉन समुद्राला मिळते तिथं सेकंदाला दोन लाख नऊ हजार घनमीटर: चौऱ्याऐंशी गाड्या. इथं जमिनीवरचे आकडे संपतात.

पण जगातला सर्वांत मोठा धबधबा जमिनीवर नाहीच! तो समुद्राच्या आत आहे. ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्यामधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत उत्तरेचं बर्फगार, जड पाणी दक्षिणेच्या उबदार, हलक्या पाण्याला भेटतं आणि त्याच्याखाली सटकतं. समुद्रतळावरच्या उतारावरून ते खाली, आणखी खाली जातं. किती खाली? सुमारे साडेतीन किलोमीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी त्याहून जास्त. आपल्या मापानं अडुसष्ट घुमट! रुंदी सुमारे १६० किलोमीटर. मुंबईत एक टोक धरलं तर दुसरं पुण्याच्याही पुढं.

आणि पाणी? सेकंदाला बारा कोटी तीस लाख घनफूट. चौदाशे पाणीगाड्या, प्रत्येक सेकंदाला! त्या रुळावर उभ्या केल्या तर मुंबई-पुणे मार्ग एकाच सेकंदात चार वेळा भरून उरतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या लोहमार्गाला चार-साडेचार सेकंद पुरतात.

आता ते शेवटचं माप काढा. उजनी धरण! एकशे सतरा टीएमसी. सोलापूर जिल्ह्यात पावसाळाभर पेपर उघडला की नजर आधी कुठं जाते? उजनीच्या टक्केवारीवर. किती भरलं, उणे किती, अधिक किती. जूनपासून डोळे लावून बसायचं; पुण्याकडं पाऊस झाला, दौंडचा विसर्ग वाढला, एकेक टक्का चढत जातो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. समुद्रातला तो धबधबा एक टीएमसी आठ सेकंदांत टाकतो. आणि रिकामी उजनी, तळापासून सांडव्यापर्यंत? सोळा मिनिटांत! त्यानंतर कोयना, १०५ टीएमसी: चौदा मिनिटं. मग जायकवाडी, जवळपास १०३ टीएमसी: आणखी चौदा मिनिटं. पाऊण तास व्हायच्या आत तिन्ही धरणं काठोकाठ!

आणि हे सगळं ऐकून झालं की एक शेवटचा हिशेब करा, आपल्याच जिल्ह्याचा. सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर. पाऊस अगदी हात आखडून, साडेपाचशे मिलिमीटरच धरा. जिल्ह्यावर वर्षात पडणारं पाणी होतं २८९ टीएमसी. जवळजवळ अडीच उजनी! नुसत्या आभाळातून, आपल्याच रानांवर. ज्या मुलखाला सगळे कोरडा म्हणतात, त्या मुलखावर.

म्हणून दुधनीकरांनो, दूधसागर जरूर पाहा. ऑक्टोबर उजाडला की कुळे गाठा, जीपमध्ये बसा, जॅकेटचे पट्टे घट्ट करा, वाटाड्याचं ऐका आणि सहा गोलघुमटांवरून येणारं पाणी डोळे भरून घ्या. आणि पुढच्या जूनच्या आधी बांध दुरुस्त करा, शेततळ्यातला गाळ काढा. एकराला एक पाणीगाडी दरवर्षी येते. ती उतरवून घेणं आपल्या हातात आहे.