कुटुंबासह दोन दिवस कागलास

शेत सोडून जाणे आम्हां कुणब्यांस अपराधासारखे वाटते. लग्न, मर्तिक व जत्रा यांवाचून घरातील स्त्रियांचे पाऊल गावाबाहेर पडत नाही. हे बरे नव्हे. आमच्या मते प्रत्येक कुटुंबाने वर्षातून दोन दिवस तरी एकत्र बाहेर काढावे. त्यास कागलासारखे लहान शहर पुरेसे आहे.

दिवस पिकाकडे पाहून ठरवावा. भांगलण उरकली आहे व सुगीस अवकाश आहे, असा भाद्रपदातील काळ उत्तम. धारा व वैरण शेजाऱ्याने सांभाळावी; त्याची पाळी येईल तेव्हा आपण त्याचा गोठा पाहावा. सावडीचा हा मार्ग जुनाच आहे.

कोल्हापुराहून दक्षिणेस जाताना प्रथम कणेरी मठ पाहावा. तेथील सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदारांचे ग्रामजीवन पुतळ्यांच्या रूपाने मांडले आहे. आजोबांनी नातवंडांस अवजारांची नावे सांगावी. दुसऱ्या दिवशी कागलात गैबी पीराचे दर्शन घ्यावे, दूधगंगेकाठचा ऊस पाहावा. येथल्याच घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले व पुढे त्यांनी राधानगरीचे धरण आरंभिले.

सायंकाळी जयसिंगराव तलावाकाठी बसावे. शिक्षणासाठी घरच्यांशी झगडलेल्या कागलच्या शेतकरीपुत्राची, ‘झोंबी’कार आनंद यादवांची, हकीकत तेथे मुलांस सांगावी, बापांनीही ती ऐकावी. दोन दिवसांत पीक सुकत नाही. मुलांचे बालपण मात्र पुढच्या हंगामाची वाट पाहत नाही.