यंत्र चुकलं, तर डोळा सावरतो

लोखंडातले अणू रांगोळीच्या ठिपक्यांसारखे रांगेत असतात. घासून गुळगुळीत केलेल्या तुकड्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला, की पडद्यावर एकमेकांना छेदणारे पट्टे उमटतात. जपानच्या सेइशी किकुची यांनी १९२८ मध्ये ते अभ्रकात पाहिले. पट्ट्यांमधल्या कोनांवरून अणूंच्या रांगांची दिशा कळते. धातू का तडकला, हे शोधायला ती लागते.

एरवी सॉफ्टवेअर पट्टे स्वतःच शोधतं. चित्र पुसट असेल तर मात्र फसतं. मग माणूस माऊसने तीन-चार ठळक पट्ट्यांवर रेघा ओढतो, संगणक हिशेब करतो. आलेलं उत्तर मूळ चित्रावर ठेवून पडताळतात, कारण एक रेघ चुकली तर उत्तरही चुकतं.

आम्हीही गटाचा हिशेब मोबाइलवर ठेवतो, पण वहीशी ताडल्याशिवाय सही करत नाही. तुम्हीही करू नका.