श्युरिटी आणि सिक्युरिटी



काही महिन्यांपूर्वी प्रवचन आटोपल्यावर एक साधर्मी बंधू बँकेची नोटीस घेऊन माझ्याकडे आले. भाच्याच्या दुकानासाठी काढलेल्या कर्जावर त्यांची सही होती. “सिक्युरिटी म्हणून भाच्याचा गाळा दिलेला आहे, मग मला का विचारतात?” असा त्यांचा प्रश्न. नोटिशीत शब्द होता श्युरिटी. दोन्ही एकच, असे समजून त्यांनी सही केली होती. आमच्या शाखांतूनही ‘फक्त औपचारिकता आहे’ असे म्हणून कागद पुढे सरकवला जातो, हे मला कबूल केले पाहिजे.

सिक्युरिटी म्हणजे तारण: सोने, घर, ठेवपावती. श्युरिटी म्हणजे जामीनदार, हाडामांसाचा माणूस. मौज अशी की दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून निघाले आहेत आणि त्याचा अर्थ निश्चिंतता. एक जुन्या फ्रेंचमधून झिजत आला, इतकेच. ही निश्चिंतता अर्थात बँकेची. सही करणाऱ्याची नव्हे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात मान्य केला नाही. तारण गेले तर ती वस्तू जाते; जामीनदाराची मात्र स्वतःची पुंजी पणाला लागते. शिवाय हे कर्ज त्याच्या पतअहवालातही दिसते.

जामीनदाराला हक्कही आहेत. बँकेने त्याच्या संमतीवाचून तारण सोडून दिले, तर कलम १४१ नुसार त्या मूल्यापुरता तो मुक्त होतो. परंतु छापील करारनाम्यात असे हक्क पुष्कळदा आधीच सोडून दिलेले असतात. म्हणून बारीक अक्षरातला मजकूर घरी नेऊन वाचावा. बँकेला घाई असली तरी आपल्याला नसावी.

त्या बंधूंनी अखेर मुदत ठेव मोडून थकबाकी भरली. भरलेली रक्कम कलम १४५ अन्वये भाच्याकडून मागता येते, हे मी त्यांना समजावले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “क्षमावाणीच्या दिवशी तो हात जोडून दारात उभा राहील, तेव्हा काय म्हणू, तेवढे सांगा.”